किनाऱ्यावर सर्वांनी मिळून खेळायच्या स्पर्धा कशा भरवाव्यात?

आपण लिहिले आहे की, दापोली तालुक्यातील आपल्या गावच्या मंडळाला येत्या हिवाळ्यात पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, क्रीडास्पर्धा भरवायच्या आहेत आणि त्यांत गावातील दिव्यांग व इतर सर्वांनी एकत्र खेळावे अशी इच्छा आहे. परंतु कोणाला इजा होईल, किंवा आपली कीव केली जात आहे असे कोणाला वाटेल, अशी भीती काही सभासद बोलून दाखवतात. मी मालवण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या गावात अशाच स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींबरोबर काम करतो. त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

आमच्या पहिल्या वर्षाची चूक आधी सांगतो, कारण ती फार ठिकाणी होताना मी पाहिली आहे. आम्ही सकाळभर नेहमीच्या स्पर्धा घेतल्या आणि बक्षीस समारंभापूर्वी, अकरा वाजून गेल्यावर, ‘दिव्यांगांची शर्यत’ म्हणून एक वेगळी शर्यत ठेवली. कुबडी घेऊन चालणारे गृहस्थ, अजिबात न दिसणारा तरुण, बौद्धिक दिव्यांगत्व असलेली दोन मुले अशा सहा-सात जणांना आम्ही एकाच रेषेवर उभे केले. वाळू तापली होती आणि पाणी वर चढत होते. सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि प्रत्येकाला सारखेच पदक मिळाले. त्या दोन मुलांपैकी एक जण पदक घेऊन माझ्याकडे आला आणि त्याने विचारले, ‘‘सर, माझो नंबर कितवो?’’ आमच्यापैकी कोणीही क्रमांक टिपून घेतलेला नव्हता. मला त्याला उत्तर देता आले नाही, आणि पुढच्या वर्षीची सगळी फेररचना त्या एका प्रश्नातून झाली.

आमच्याकडे अजून रापण ओढली जाते. होडीतून जाळे अर्धगोलात टाकले की त्याचे दोन दोर किनाऱ्यावर दोन बाजूंना येतात, आणि मग तरुण, म्हातारे, बायका, शाळकरी मुले असा ज्याला जमेल तो दोराला हात लावतो. ज्याच्या अंगात जोर कमी, तो मागे बसून दोर गोळा करतो, कोणी मासळी निवडतो, आणि वाटे पडतात तेव्हा हात लावणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही मिळते. अशक्तांसाठी वेगळी रापण कोणी काढत नाही. एकत्र खेळायच्या स्पर्धेची रचना याच तऱ्हेची असावी, असे माझे ठाम मत आहे. संघाचा निकाल प्रत्येकाच्या कामावर अवलंबून असला पाहिजे आणि ते काम ज्याचे त्याला झेपणारे असले पाहिजे. यासाठी खेळ बदलावा लागत नाही, नियम बदलावे लागतात.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूंसाठी यूनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये शिकागो येथे सुरू झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये ‘युनिफाइड’ नावाचा एक प्रकार आहे, त्याचा आम्हाला फार उपयोग झाला. त्यात दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघातून खेळतात. पाच जणांच्या फुटबॉलमध्ये मैदानावर एका वेळी तीन दिव्यांग खेळाडू आणि दोन साथीदार असतात, आणि सगळा खेळ स्वतःच्या पायाशी ठेवणारा साथीदार चांगला मानला जात नाही. वैयक्तिक शर्यतींसाठी त्यांची पद्धत अशी की, आधी प्राथमिक फेरीत प्रत्येकाची वेळ घ्यायची आणि मग जवळपास सारख्या वेळेच्या खेळाडूंचे गट पाडायचे. एका गटातील सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ खेळाडूंमधील फरक साधारण १५ टक्क्यांच्या आत राहावा, असा संकेत आहे. अशा गटात पहिला कोण येणार हे शर्यत संपेपर्यंत सांगता येत नाही. आमच्या पहिल्या वर्षीच्या शर्यतीत नेमके हेच नव्हते.

आम्ही यावरून चौघांची रिले बसवली. प्रत्येक संघात किमान एक दिव्यांग खेळाडू आणि किमान एक साठीच्या पुढची व्यक्ती असते. स्पर्धेच्या आठ दिवस आधी शाळेच्या मैदानावर प्रत्येकाची वेळ घड्याळावर घेतो, प्रत्येकाचे अंतर त्याला विचारून ठरवतो, आणि चौघांच्या वेळांची बेरीज सर्व संघांत जवळपास सारखी येईल असे संघ पाडतो. गावातला सर्वांत वेगवान धावपटू ज्या संघात असतो, त्या संघाला मग बाकीच्या तिघांची तयारी करून घ्यावीच लागते. कोणीही न सांगता संध्याकाळचा सराव सुरू होतो, ही मला या रचनेची सर्वांत मोठी कमाई वाटते.

आता मैदानाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण किनाऱ्यावरची स्पर्धा निम्मी तिथीवर अवलंबून असते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत व्हीलचेअरची पुढची लहान चाके लगेच रुततात आणि कुबडीचे टोक खोल जाते. ओहोटीने उघडी पडलेली ओली पुळण मात्र घट्ट असते आणि तिच्यावर चाक चालते. म्हणून सकाळी लवकर, पूर्ण ओहोटीच्या आगेमागे, स्पर्धा उरकतील असा दिवस निवडावा. आपल्याकडचा जुना ठोकताळा आपल्याला ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, आणि ओहोटी तिच्या सुमारे सहा तास आधी व नंतर येते. तृतीयेला भरती सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे सकाळची ओहोटी आठच्या आसपास. मुंबईकडून दक्षिणेला येताना ही वेळ थोडी अलीकडे सरकते, तेव्हा बंदरावरच्या जाणत्या माणसाला विचारून ती पक्की करावी. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरच्या द्वितीयेपासून पंचमीपर्यंतचे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी दूरपर्यंत मागे जाते आणि रुंद, घट्ट पट्टा मिळतो. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस असतात; तेव्हा ओहोटी दुपारी येते आणि पाणी फारसे हटतही नाही. रविवार गाठण्यासाठी तिथी सोडू नये.

रस्त्यापासून ओल्या पट्ट्यापर्यंतचे कोरड्या वाळूचे अंतर कसे पार करायचे, हा पुढचा प्रश्न. मंडपवाल्याकडे व्यासपीठाचे लाकडी तक्ते असतात, ते एकापुढे एक अंथरले की चांगली वाट तयार होते. तक्ते कमी पडले तर व्हीलचेअर मागच्या मोठ्या चाकांवर कलवून उलटी ओढावी, ढकलू नये. मात्र खुर्चीत बसलेल्या व्यक्तीला विचारल्याशिवाय तिच्या खुर्चीला हात लावू नये. परतल्यावर खुर्च्या आणि कॅलिपर (पायाला आधार देणारी धातूची पट्टी) गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, सांध्यांना तेल द्यावे. खारे पाणी आणि वाळू यांनी बिजागऱ्या एका आठवड्यात गंजून अडकतात, आणि स्पर्धेच्या हौसेपायी कोणाचे रोजचे चालणे बंद पडता कामा नये.

किनाऱ्यासाठी सर्वांत योग्य खेळ कोणता, असे विचाराल तर मी बैठ्या व्हॉलीबॉलचे नाव घेईन. पॅरालिम्पिकमध्ये त्याचे मैदान १० मीटर लांब व ६ मीटर रुंद असते, जाळीची उंची पुरुषांसाठी १.१५ मीटर आणि महिलांसाठी १.०५ मीटर असते, आणि चेंडू मारताना खेळाडूचे बूड जमिनीला टेकलेले असावे लागते. एकदा सगळे खाली बसले की कोणाचा पाय पोलिओने अधू आहे आणि कोणाचा कृत्रिम आहे, याने फारसा फरक पडत नाही. उलट हातांवर सरकण्याची सवय असलेला माणूस एरवी उभ्याने खेळणाऱ्या तरुणाला सहज हरवतो. आमची जाळी म्हणजे दोन बांबूंना बांधलेले जुने मासेमारीचे जाळे आहे. गावातील कॉलेजची मुले हा खेळ आता दिव्यांग खेळाडू आलेले नसले तरी खेळतात.

दृष्टिहीनांचे खेळ ठेवताना मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी, जी आम्हाला खेळ सुरू झाल्यावर कळली. त्यांच्या क्रिकेटच्या चेंडूत छर्रे असतात, तो अंडरआर्म टाकला जातो आणि फलंदाज आवाजावरून खेळतो. लाटांच्या गाजेत आणि वाऱ्यात हा आवाज पुळणीवर ऐकूच येत नाही. म्हणून हा खेळ सुरूच्या बनाच्या मागे, शाळेच्या मैदानावर किंवा कापणी झालेल्या मळ्यात ठेवावा, आणि चेंडू टाकला जात असताना प्रेक्षकांनी शांत राहावे अशी विनंती आधीच करावी. कोकणात अंडरआर्म क्रिकेटचे सामने गावोगाव होतात, त्यामुळे बाकीच्यांना हा नियम नवा वाटत नाही. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरल्या जातात. हा नियम एकत्र संघातही ठेवावा, म्हणजे त्याला फलंदाजीला शेवटी पाठवण्याची प्रवृत्ती आपोआप थांबते. धावण्यासाठी मात्र पुळण दृष्टिहीनांना उत्तम आहे, कारण तिथे खड्डा, दगड, गडगा काही नसते. धावपटू आणि वाटाड्या यांनी एका छोट्या दोरीची दोन टोके धरायची, वाटाड्याने ओढायचे नाही आणि शेवटची रेषा धावपटूच्या आधी ओलांडायची नाही, एवढे नियम पुरतात.

समुद्रात पोहण्याची स्पर्धा पहिल्या वर्षी ठेवू नका, असा माझा आग्रह आहे. दिव्यांगांना ते जमत नाही, हे त्याचे कारण नव्हे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेले आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवले. मुंबईच्या जिया राय या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलीने १२ वर्षांची असताना, फेब्रुवारी २०२१ मध्ये, वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंतचे ३६ किलोमीटर अंतर ८ तास ४० मिनिटांत पोहून पार केले. परंतु समुद्रातील स्पर्धेला सोबतच्या होड्या, जीवरक्षक आणि अनुभवी पंच लागतात, आणि ते नसताना सुदृढ माणसांचीही स्पर्धा घेऊ नये.

इजेची भीती खरी आहे, पण ती मोघम ठेवली की सगळ्यांनाच बाजूला बसवले जाते. नेमके धोके थोडे आहेत. मज्जारज्जूला दुखापत झालेल्या व्यक्तीला कमरेखाली चटका किंवा टोचणे कळत नाही, म्हणून तापलेल्या वाळूवर किंवा शिंपल्यांवर तिला बसवू नये आणि जाड चटई द्यावी. अशा व्यक्तीला दुखापतीच्या पातळीखाली घामही नीट येत नाही, त्यामुळे आपल्या दमट हवेत ऊन लवकर बाधते. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही जणांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याखेरीज कोलांटउडी, डोक्याकडून सूर आणि कबड्डीतील पकड टाळावी. फिट येणाऱ्या खेळाडूच्या घरच्यांकडून औषधाची वेळ लिहून घ्यावी. स्वमग्न मुलांना लाऊडस्पीकरचा त्रास फार होतो. आम्ही कर्णे एकाच बाजूला लावतो आणि बनातील एक कोपरा पूर्ण शांत ठेवतो. कर्णबधिरांसाठी शिट्टीबरोबर झेंडाही खाली आणावा. एवढी काळजी घेतली की उरतो तो नेहमीच्या खेळातला धोका, आणि तो पत्करण्याचा अधिकार त्यांनाही आहे.

वाईट वाटण्याविषयी आपल्या सभासदांना असे सांगा की, हा प्रश्न आपण आपापसांत सोडवायचा नाही. गावातील दोन-तीन दिव्यांग व्यक्तींना पहिल्याच बैठकीपासून समितीत घ्या आणि खेळ, अंतर, वेळ त्यांना विचारून ठरवा. निवेदकाला ‘बिचारा’, ‘जिद्दीला सलाम’ असे शब्द वापरू देऊ नका. त्याने नाव, वाडी आणि क्रमांक सांगावा. बक्षिसाची रक्कम सर्व स्पर्धांना सारखी असावी. आणि जो हरला, त्याला हरू द्यावे.

शेवटची अडचण खेळाडू मैदानापर्यंत आणण्याची, आणि माझ्या मते ती सर्वांत अवघड आहे. आपल्या वाड्या डोंगरउतारावर असतात. पाखाडी, म्हणजे उतारावरची पायऱ्यांची वाट, उतरून, मग रिक्षा करून कोणी आपणहून येत नाही, आणि फलक वाचून तर नाहीच. घरोघरी जावे लागते, एकदा नव्हे, तीन-चारदा. गाडीचा आणि किनाऱ्यावर कमोडची खुर्ची ठेवलेल्या बंदिस्त तंबूचा खर्च अंदाजपत्रकात सर्वांत वर लिहावा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो; त्यातून क्रीडासाहित्य घेता येईल का, हे तिथे लेखी विचारावे, आणि अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० चा उल्लेख करावा, कारण खेळांतील त्यांच्या सहभागाची जबाबदारी ते कलम शासनावर टाकते.

आमच्या वरच्या वाडीत पोलिओमुळे चालू न शकणाऱ्या एक बाई आहेत. तिसऱ्या भेटीत त्यांनी येण्याचे कबूल केले, तेव्हा खुर्चीला बांबू बांधून चार मुलांनी त्यांना पाखाडीवरून खाली आणले. खेळायचे नाही, असे त्यांनी आल्याबरोबर स्पष्ट सांगितले, म्हणून आम्ही घड्याळ आणि वही त्यांच्या हातात दिली. तेव्हापासून निकालाची वही त्यांच्याकडेच असते, आणि कोणी आपला नंबर विचारला की त्या पान उघडून सांगतात.