कल्चर रिपोर्टमध्ये सगळीकडे ‘आर’ आलाय, आता काय? – वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीबद्दल आहेत, हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावर लागणारं इन्फेक्शन. साधारणपणे दाखल होऊन 48 तास झाल्यानंतर जे सुरू होतं आणि येताना अंगात नव्हतं त्याला असं म्हणतात. काही पत्रं वाचताना खरंच वाईट वाटलं, कारण लिहिणारी माणसं आयसीयूच्या बाहेर बसून लिहीत होती. म्हणून सगळ्यात आधी त्यातलाच एक प्रश्न घेते.

प्रश्न: बाबा व्हेंटिलेटरवर आहेत. श्वासाच्या नळीतून घेतलेल्या नमुन्यात क्लेबसिएला निघाला आणि औषधांच्या यादीत जवळजवळ सगळीकडे आर, म्हणजे रेझिस्टंट, ते औषध चालत नाही. डॉक्टर म्हणतात ताप नाहीये, ऑक्सिजनही आधीपेक्षा कमी लागतोय, आत्ता त्याच्यासाठी अँटिबायोटिक नको. एवढा डेंजर जंतू सापडलाय आणि औषधच नाही, हे बरोबर आहे का?

तुमच्या बाबांना न तपासता मी ठाम काही सांगणार नाही, पण डॉक्टर जे म्हणतायत त्यामागचं कारण नक्की सांगते. कल्चर रिपोर्ट एवढंच सांगतो की या नमुन्यात हा जंतू वाढला आणि लॅबमध्ये अमुक औषधांनी तो थांबला नाही. तो आजार करतोय का, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. नळी घातली की थोड्याच दिवसांत तिच्या आतल्या बाजूला जंतूंचा चिकट थर बसतो, ज्याला बायोफिल्म म्हणतात, आणि नमुना तिथूनच आलेला असतो. जंतू नुसता मुक्कामाला असणं म्हणजे कोलोनायझेशन आणि त्याने फुफ्फुसात शिरून नुकसान करणं म्हणजे इन्फेक्शन, आणि या दोन्हींचा रिपोर्ट अगदी सारखा दिसू शकतो. फरक ठरतो तो पेशंटकडे बघून, ताप, पांढऱ्या पेशी, एक्स-रेवरचा नवा डाग, घट्ट पिवळा कफ, वाढलेली ऑक्सिजनची गरज, खाली येणारं बीपी.

नुसत्या कोलोनायझेशनसाठी राखीव ठेवलेलं औषध देऊन टाकलं तर दोन तोटे होतात, किडनीवर ताण येतो (कोलिस्टिनसारखं औषध याच कारणामुळे एके काळी बाजूला पडलं होतं आणि दुसरं काही चालेना म्हणून परत आणावं लागलं) आणि उद्या खरंच इन्फेक्शन झालं तर तेच औषध चालेनासं झालेलं असू शकतं. त्यामुळे डॉक्टरांना असं विचारा, “तुम्ही कशावर लक्ष ठेवताय, आणि काय बदललं तर औषध सुरू कराल?” याचं स्पष्ट उत्तर मिळणं हा तुमचा हक्क आहे. आणि औषध नको म्हटलं तरी ग्लोव्हज, गाऊन, हात स्वच्छ करणं हे सगळं पाळायचंच, कारण मुक्कामाला असलेला जंतूसुद्धा शेजारच्या बेडवर जाऊ शकतो.

प्रश्न: जंतू जितका रेझिस्टंट तितका जास्त घातक असतो का? मायक्रोबायोलॉजीत व्हिरुलन्स आणि रेझिस्टन्स वेगवेगळे शिकवतात पण वॉर्डमध्ये सगळे दोन्ही एकच समजून बोलतात.

फार चांगला प्रश्न, आणि याच्यावर मला जरा जास्त लिहायचंय.

रेझिस्टन्स म्हणजे औषध असतानाही जगायची क्षमता. ती वेगवेगळ्या मार्गांनी येते. जंतू औषध तोडणारं एन्झाइम बनवतो, क्लेबसिएलातली केपीसी आणि एनडीएम ही एन्झाइम्स मेरोपेनेमसारखं औषध असंच निकामी करतात. किंवा आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतो, किंवा औषध ज्या छिद्रातून शिरतं ते छिद्रच बंद करतो, सुडोमोनास नावाचा जंतू हे दोन्ही करतो. किंवा मग औषध जिथे जाऊन चिकटतं ती जागाच बदलतो. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक वापरात आलं 1959 मध्ये आणि त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जंतू, म्हणजे एमआरएसए, नोंदवला गेला 1961 मध्ये, कारण त्याच्याकडे पेशीची भिंत बांधणारं असं एक वेगळं प्रोटीन होतं ज्याला हे औषध नीट चिकटतच नाही.

व्हिरुलन्स म्हणजे शरीराचं नुकसान करायची क्षमता, तिथे औषधाचा संबंधच नाही. क्लेबसिएलाभोवती साखरेच्या रेणूंचं जाड कवच असतं त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो गिळता येत नाही. आपलं शरीर लोह लपवून ठेवतं, कारण लोहाशिवाय जंतू वाढत नाहीत, तर जंतू सिडेरोफोर नावाचे रेणू सोडून तेच लोह ओढून घेतात. सुडोमोनास सुईसारखी रचना वापरून आपलं विष थेट आपल्या पेशीत टोचतो. स्टॅफिलोकॉकसचं अल्फा टॉक्सिन पेशींना भोकं पाडतं.

आता बघा, बराच काळ ही दोन्ही टोकं वेगवेगळ्या जंतूंत सापडायची. हॉस्पिटलमधला नेहमीचा क्लेबसिएला रेझिस्टंट असतो पण तसा दुबळा, आधीच खचलेल्या पेशंटलाच गाठणारा. दुसरीकडे हायपरव्हिरुलंट क्लेबसिएला, ज्याची सुरुवातीची वर्णनं 1980च्या दशकात तैवानमधून आली, तो चांगल्या धडधाकट माणसाच्या लिव्हरमध्ये गळू करतो, कधी डोळ्यापर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोचतो, पण साध्या अँटिबायोटिकने मरायचा. मग काय झालं तर प्लाझमिड, म्हणजे डीएनएचे छोटे गोल तुकडे जे एका जंतूतून दुसऱ्यात जातात, त्यांनी हे अंतर मिटवलं. चीनमधल्या हांगझोऊच्या एका हॉस्पिटलमध्ये 2016 मध्ये आयसीयूतले पाच पेशंट अशा क्लेबसिएलाने दगावले ज्यात दोन्ही गुण एकत्र होते, मुळात रेझिस्टंट असलेल्या जंतूने व्हिरुलन्सचा प्लाझमिड घेतला होता. त्याचं वर्णन 2018 मध्ये छापून आलं. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा दोन्ही गुणांच्या जंतूंबद्दल सगळ्या देशांना सावध केलं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

मग साधा रेझिस्टंट जंतूही एवढे जीव का घेतो? कारण पेशंट आधीच अशक्त असतो आणि योग्य औषध उशिरा सुरू होतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयव बिघडायला लागतात तेव्हा, पहिलं औषध अंदाजाने द्यावं लागतं, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात, आणि तोपर्यंत दिलेलं औषध जर चालतच नसेल तर ते दिवस वाया जातात. 2019 या एका वर्षात थेट रेझिस्टन्समुळे जगभरात सुमारे 12.7 लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे. तेव्हा वॉर्डमध्ये बोलताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, औषध कुठलं चालेल हे रिपोर्टमधल्या सेन्सिटिव्हिटीवरून (कुठल्या औषधाने जंतू थांबतो त्या यादीवरून), आणि घाई किती करायची हे पेशंटच्या अवस्थेवरून.

प्रश्न: आमच्या वॉर्डमध्ये पेशंट डिस्चार्ज झाला, बेड धुतला, आणि काही आठवड्यांनी दुसऱ्याला तोच जंतू. हे कसं होतं?

याचं फार बारकाईने तपासलेलं एक उदाहरण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या क्लिनिकल सेंटरमध्ये जून 2011 मध्ये केपीसी क्लेबसिएला असलेली एक पेशंट आली. आधीच माहीत होतं म्हणून तिला वेगळं ठेवलं, ती जुलैत घरी गेली. तीन आठवड्यांनी दुसरा पेशंट, मग एकापाठोपाठ एक असे एकूण 18 जणांकडे तो सापडला, त्यातले 11 दगावले आणि त्यापैकी सहा मृत्यू याच इन्फेक्शनमुळे होते. जंतूंचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचल्यावर कळलं की सगळे त्या पहिल्या पेशंटकडूनच आलेत. मधल्या काळात तो होता काही पेशंटच्या आतड्यात, काही लक्षण न देता, आणि शोधताना तो सिंकच्या ड्रेनमध्ये आणि स्वच्छ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही मिळाला. नुसते आजारी पेशंट तपासून भागत नाही, लक्षणं नसलेल्यांचेही स्वॅब घ्यावे लागतात, हे तिथे स्पष्ट दिसलं.

तुमच्याकडचा जंतू असिनेटोबॅक्टर असेल तर तो कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी आठवडे टिकतो. बेडचं रेलिंग, मॉनिटरची बटणं, बीपीचा पट्टा, कीबोर्ड, हे धुण्याच्या यादीत आहे का बघा. आणि सिंकमध्ये पेशंटचे द्रव ओतायचे नाहीत, त्याच सिंकशेजारी औषधं तयार करायची नाहीत.

प्रश्न: आईने मागे अँटिबायोटिक मधेच सोडलं होतं. त्यामुळेच तिला हे इन्फेक्शन झालं का? मला सारखं वाटतं माझ्याच दुर्लक्षामुळे झालं.

नाही, असा दोष स्वतःला देऊ नका. हॉस्पिटलमधला जंतू बहुतेक वेळा दुसऱ्या पेशंटकडून, हातावरून किंवा उपकरणावरून येतो, आणि रेझिस्टन्सची जीन्स माणसाने औषधं बनवायच्याही आधीची आहेत, कॅनडातल्या 30,000 वर्षं जुन्या गोठलेल्या मातीतसुद्धा ती मिळालीत. आणि मोठा कोर्स म्हणजे चांगला असंही आता कोणी मानत नाही, हॉस्पिटलमधल्या न्यूमोनियाला बहुतेकदा सात दिवस पुरतात, जास्त दिवस दिलं तर औषधाला न जुमानणारे जंतूच मागे उरून वाढत राहतात. मात्र कोर्स किती हे डॉक्टरांनी ठरवायचं, बरं वाटलं म्हणून आपण नाही.

प्रश्न: नवीन औषधं येत नाहीत का?

येतात, पण कमी. सेफिडेरोकॉल मला विशेष वाटतं, अमेरिकेत त्याला 2019 मध्ये मान्यता मिळाली. ते लोहाला चिकटतं आणि जंतू लोह ओढायच्या नादात ते औषध स्वतःच आत घेतो, म्हणजे व्हिरुलन्सचीच वाट औषधाने वापरली. पण त्यालाही रेझिस्टन्स दिसायला लागलाय.

प्रश्न: नातेवाईक म्हणून आम्ही काय करू शकतो?

रोज एक प्रश्न विचारा, “ही नळी आज अजून लागतेय का?” लघवीची नळी असेल तर तिच्यात जंतू येण्याची शक्यता दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढते, आणि शिरेतल्या मोठ्या लाइनचंही तसंच, जितकी लवकर निघेल तितकं बरं. मिशिगनमधल्या आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी पाळल्या, हात धुणं, पूर्ण अंगभर निर्जंतुक चादर, क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, जांघेतली जागा टाळणं आणि गरज संपली की लाइन काढणं, तर रक्तातली इन्फेक्शन्स दीड वर्षात 66 टक्क्यांपर्यंत कमी झाली, हा अभ्यास 2006चा आहे. यात एकही महाग औषध नाहीये.

पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर सॅनिटायझर वापरा, डॉक्टर किंवा सिस्टर विसरले तर त्यांनाही नम्रपणे आठवण करून द्या, चांगल्या ठिकाणी कोणी रागावत नाही. पण जुलाब करणारा क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल असेल तर सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने त्याचे स्पोअर, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, मरत नाहीत, तिथे साबण आणि पाण्यानेच हात धुवा. आणि घरातल्या कोणाला सर्दी-ताप असेल तर त्यांनी काही दिवस भेटायला येऊ नये.