“बाई, तुम्ही सन म्हणालात, मी सनच लिहिला”

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील खाडीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या जोडवर्गाला शिकवते. गेल्या आठवड्यात इंग्रजीच्या श्रुतलेखनात मी ‘सन’ म्हणजे मुलगा हा शब्द घातला, तर निम्म्याहून अधिक मुलांनी सूर्याचा ‘सन’ लिहिला. मी चूक दिल्यावर एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही सन म्हणालात, मी सनच लिहिला.” तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. अशा समोच्चारी शब्दांच्या जोड्या फळ्यावर लिहून पाठ करून घेतल्या, तरी चार दिवसांनी गोंधळ पुन्हा तसाच असतो. हे शब्द शिकवावेत तरी कसे?
— एक शिक्षिका, दापोली तालुका

उत्तर : प्रथम त्या मुलीच्या वहीतील फुली खोडून तिला गुण द्या, कारण तिचे म्हणणे बरोबर होते. नुसता ‘सन’ असा सुटा शब्द उच्चारला, तर एस-यू-एन आणि एस-ओ-एन ही दोन्ही उत्तरे बरोबरच ठरतात. लंडनमधल्या मुलालाही बाईंच्या मनातला सन कोणता हे त्यावरून कळणार नाही. चूक प्रश्नात होती. समोच्चारी शब्द श्रुतलेखनात घालायचा असेल, तर आधी ‘द सन इज हॉट’ किंवा ‘ही इज माय सन’ असे पूर्ण वाक्य म्हणावे, मग शब्द वेगळा सांगावा आणि पुन्हा एकदा वाक्य म्हणावे. एवढ्या एका बदलाने तुमच्या वर्गातील बऱ्याच चुका नाहीशा होतील, असा माझा अनुभव आहे.

आता मुळाकडे येऊ. आपली मुले देवनागरीतून वाचायला शिकलेली असतात, आणि देवनागरीत बहुतेक ठिकाणी जे ऐकू येते तेच लिहिले जाते. म्हणूनच ती इंग्रजी पुस्तकातल्या शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘सन’, ‘सी’, ‘मीट’ असे उच्चार लिहून ठेवतात. पालकही कौतुकाने लिहून देतात. समोच्चारी शब्दांच्या बाबतीत मात्र ही सवय घातक ठरते, कारण जो फरक शिकायचा तोच त्या पेन्सिलीच्या अक्षरांत पुसला जातो. (हे उत्तर लिहितानाही मला अक्षरे सुटी करून सांगावी लागत आहेत, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.) त्या जागी उच्चाराऐवजी लहानसे चित्र काढायला लावा. एस-ई-ए वर दोन लाटा आणि एस-डबल ई वर एक डोळा पुरेसा आहे.

तरीही ‘ऐकू येते एक, लिहायचे दुसरे’ हा अनुभव मुलांना अगदी नवा नाही. ‘भाषा’ आणि ‘आशा’ हे शब्द म्हणून पाहा. आज आपल्या बहुतेकांच्या तोंडी दोन्ही ठिकाणी एकच ध्वनी येतो, पण भाषेत पोटफोड्या ष लिहायचा हे चौथीतल्या मुलाला पक्के ठाऊक असते. स्वातंत्र्यदिनाच्या फलकावर कोणी ‘दीन’ लिहिले, तर तुम्हीच तो पुसायला लावता, कारण दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. शिर आणि शीर, पिक म्हणजे कोकिळ आणि शेतातले पीक, या जोड्याही तशाच आहेत. इंग्रजी जोड्यांकडे वळण्यापूर्वी पाच मिनिटे या मराठी जोड्यांवर घालवलीत, तर इंग्रजी ही काहीतरी विचित्र, मुद्दाम छळणारी भाषा आहे ही समजूत आपोआप सैल होते.

फळ्यावर जोड्या लिहून पाठ करून घेण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही. ज्या दोन शब्दांची ओळखच झालेली नाही ते शेजारी-शेजारी मांडले, तर मुलाला ‘यांतला एक असा आहे आणि एक तसा’ एवढेच आठवते, कोणता कसा हे आठवत नाही. एक शब्द आधी त्याच्या स्वतःच्या वाक्यात, त्याच्या जागी रुजू द्यावा आणि दुसरा दोन-तीन आठवड्यांनी आणावा. हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव तुमच्या मुलांनी पाहिलेला असतो. ‘फिश फॉर सेल’ हे वाक्य तिथले, म्हणून एस-ए-एल-ई तिथेच शिकवा. शिडाचा ‘सेल’, म्हणजे एस-ए-आय-एल, नंतर केव्हातरी होडीच्या चित्राबरोबर येऊ द्या. दोन्ही शब्द स्वतंत्रपणे लिहिता येऊ लागले की एके दिवशी मुलांकडूनच जोडी शोधून घ्या. ‘आय सी द सी’ हे वाक्य किनाऱ्यावरच्या शाळेइतके दुसरीकडे कुठे शोभणार?

एका जोडीबाबत सावध करतो. भरती-ओहोटीचा ‘टाइड’ टी-आय-डी-ई असा लिहितात आणि बांधलेल्या होडीचा ‘टाइड’ टी-आय-ई-डी असा; अक्षरे तीच चार, फक्त शेवटची दोन जागा बदलतात. माझ्या वर्गात हुशार मुलेही इथे घसरत. शेवटी मी धक्क्यावरची होडी काढून दाखवली, आधी टी-आय-ई म्हणजे बांधणे हा शब्द लिहिला आणि त्याला खडूने डी ‘बांधला’. त्यानंतर त्या शब्दाची चूक क्वचितच झाली, कारण त्याचे स्पेलिंग आता पाठांतराचे राहिले नव्हते. असा आधार शब्दाच्या आतच असेल तर तो जरूर दाखवावा: ऐकण्याच्या ‘हिअर’मध्ये ई-ए-आर म्हणजे कान आहे, तर ‘इथे’ या अर्थाचा ‘हिअर’ आणि ‘तिथे’, ‘कुठे’ हे अर्थ असलेले इंग्रजी शब्द या तिन्हींच्या पोटात एच-ई-आर-ई आहे. जिथे असा आधार नाही तिथे ओढूनताणून युक्ती रचू नये. ती युक्तीच मग पाठ करावी लागते.

आणि ती मुलगी “इंग्रजीत असे का?” असे विचारील, तेव्हा खरे कारण सांगा. समुद्राचा ‘सी’ आणि पाहण्याचा ‘सी’ यांचे उच्चार पूर्वी निराळे होते. ‘नाइट’ म्हणजे सरदार या शब्दातला के एके काळी उच्चारला जात असे, म्हणून तो रात्रीच्या ‘नाइट’पेक्षा वेगळा ऐकू येई. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, छपाईबरोबर स्पेलिंगे हळूहळू स्थिर होत गेली, उच्चार मात्र पुढेही बदलत राहिले. नऊ वर्षांच्या मुलीलाही हे गोष्टीसारखे सांगता येते.

प्रश्न : नातू दुसरीत, इंग्रजी माध्यमात आहे. त्याच्या अभ्यासपुस्तिकेत ‘सॉ’ म्हणजे पाहिले आणि ‘सोअर’ म्हणजे दुखरे हे शब्द समोच्चारी म्हणून दिले आहेत. आम्हा दोघांनाही ते वेगळे ऐकू येतात. आमच्या कानांचा दोष आहे काय?
— एक आजोबा, वेंगुर्ले

उत्तर : आपल्या दोघांचेही कान शाबूत आहेत. दक्षिण इंग्लंडमधल्या प्रमाण उच्चारात शब्दाच्या शेवटचा आर गळतो, म्हणून तिथे हे दोन शब्द सारखे होतात. आपण तो आर स्पष्ट म्हणतो, त्यामुळे आपल्याकडे ते सारखे नाहीत. परदेशी पुस्तकातली यादी जशीच्या तशी उतरवली की असे होते. उलट लिहिण्याचा ‘पेन’ आणि पोटातला ‘पेन’, किंवा चाचणीची ‘टेस्ट’ आणि चवीची ‘टेस्ट’ आपण देवनागरीत एकसारखे लिहितो आणि तसेच बोलतो, पण इंग्रजीत ते समोच्चारी नाहीत. तेव्हा नातवाकडून प्रत्येक जोडी आधी मोठ्याने म्हणवून घ्यावी.

एक अभ्यास मात्र घराबाहेर देण्यासारखा आहे. गावातल्या पिठाच्या गिरणीच्या पाटीवर इंग्रजीत पिठाचा ‘फ्लावर’ आहे की फुलाचा, हे त्याला पाहून यायला सांगा. फुलाचा असला तरी गिरणीवाल्या काकांना हसू नये, कारण हे दोन्ही शब्द मूळचे एकच आहेत: दळलेल्या धान्यातला सर्वांत बारीक, उत्तम भाग म्हणजे त्याचे फूल, आणि त्याच फुलाचे स्पेलिंग पुढे पिठासाठी वेगळे झाले.