वाचकांचे प्रश्न : बोटीवरची तीन पत्ती आणि आपल्या घरची तीन पत्ती

दिवाळी झाली की गोव्याहून परतलेल्या मंडळींचे मेसेज यायला लागतात. यंदा बहुतेकांनी थ्री कार्ड पोकरबद्दलच विचारलंय, म्हणून आज सगळी जागा त्यालाच देतोय. मी शाळेत ३० वर्षं गणित शिकवलं आणि पत्ते तर लहानपणापासून हातात आहेत, त्यामुळं हिशोब सगळे स्वतः करून मगच लिहिलेत.

सर, आम्ही पाच जण गाडी करून गोव्याला गेलतो. पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर थ्री कार्ड पोकरचं टेबल दिसलं, म्हटलं ही तर आपली तीन पत्तीच की. अँटी ५००, प्ले ५०० लावले, मला राजाची जोडी आली, डीलरकडं, म्हणजे कॅसिनोच्या पत्ते वाटणाऱ्याकडं, गुलामाच्या वर काही नाही. मी जिंकलो तरी ५०० च मिळाले, दुसरे ५०० नुसते परत सरकवले. विचारलं तर म्हणे रूल आहे. फसवलं का ओ आम्हाला? (जुळे सोलापूर)

नाही दादा, फसवलं नाही. तुम्हाला खेळायच्या आधी कुणी रूल सांगितला नाही एवढंच झालं, आणि हे तुमच्या एकट्याचं नाही, तीन पत्ती चांगली येणारा माणूसच तिथं जास्त गोंधळतो कारण पत्ते तेच, हात तेच, पण खेळ वेगळा आहे. आपल्याकडं चादर अंथरून बसलो की मधे बूट म्हणजे सुरवातीचे पैसे पडतात, चाल वाढत जाते, समोरच्याचं तोंड बघून आपण ठरवतो की हा ब्लफ मारतोय का खरंच ह्याच्याकडं काही आहे. तिथं मधे पैशांचा ढीग नसतो, शेजारी बसलेल्याशी तुमचं काही देणंघेणं नसतं, प्रत्येकजण एकट्या डीलरशी खेळतो आणि डीलर स्वतःचं डोकं चालवतच नाही, तो रूलने चालतो. म्हणजे माणूस ओळखायची तुमची जी कला आहे ना, ती तिथं उपयोगाची नाही.

आता रूल नीट बघा. टेबलावर तुमच्यासमोर तीन जागा छापलेल्या असतात, पेअर प्लस, अँटी आणि प्ले. आधी अँटी लावायचा, पाहिजे तर पेअर प्लस पण लावायचा, ती वेगळी पैज, पुढं सांगतो. मग तुम्हाला तीन पत्ते, डीलरला तीन पत्ते झाकलेले. तुम्ही तुमचे बघायचे. आवडले नाहीत तर पॅक, म्हणजे पत्ते टाकून द्यायचे, अँटी गेला. खेळायचं असेल तर अँटीएवढेच पैसे प्लेवर ठेवायचे, जास्त पण नाही कमी पण नाही. त्यानंतरच डीलर उघडतो. त्याच्याकडं कमीत कमी राणी तरी पाहिजे, म्हणजे राणी हाय (सगळ्यात मोठा पत्ता राणी) किंवा त्याच्या वरचं काहीही, ह्याला क्वालिफाय होणं म्हणतात. तो क्वालिफाय झाला आणि तुम्ही जिंकला तर अँटी आणि प्ले दोन्हीवर एकास एक, म्हणजे तुमच्या केसमध्ये १,००० मिळाले असते. तो जिंकला तर तुमचे दोन्ही गेले. बरोबरी झाली तर दोन्ही परत. आणि तो क्वालिफायच झाला नाही तर अँटीवर एकास एक आणि प्लेचे पैसे नुसते परत. तुमचं नेमकं हेच झालं, गुलाम राणीच्या खाली.

दर दहा हातांत साधारण तीन वेळा डीलर क्वालिफाय होत नाही, आणि कॅसिनोची कमाई आहे ती इथंच. तुमच्याकडं चांगला हात असतो तेव्हा बऱ्याचदा अर्धेच पैसे हातात पडतात, आणि पॅक करायचं का खेळायचं हे तुम्हाला डीलरचे पत्ते न बघता आधी सांगावं लागतं, त्यामुळं कधी कधी तुम्ही पॅक करता आणि मागाहून कळतं की डीलरकडं पण कचराच होता.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे, अँटी बोनस. सिक्वेन्स (ओळीचे तीन पत्ते) आली तर अँटीवर एकास एक जास्तीचे, ट्रेलला (तीन सारखे पत्ते) चार, प्युअर सिक्वेन्सला (एकाच रंगाची सिक्वेन्स) पाच, आणि हे डीलर जिंकला तरी मिळतात, क्वालिफाय झाला नाही तरी मिळतात. हा नेहमीचा रेट आहे, पण काही टेबलांवर कमी असतो, म्हणून बसायच्या आधी कापडावर छापलेलं वाचा, आणि कळलं नाही तर सरळ विचारा, लाजू नका.

पॅक कधी करायचं आणि खेळायचं कधी? माझा मित्र म्हणतो ब्लाइंड खेळ, नशिबावर सोड. (बार्शी)

मित्राचं ऐकू नका. ह्या खेळात तुमच्या हातात एकच निर्णय असतो आणि तोच नशिबावर सोडला तर मग उरलं काय? नियम एवढा सोपा आहे की बसमध्ये पाठ होईल : राणी, सहा, चार. तुमचा हात ह्याच्याएवढा किंवा ह्याच्या वरचा असेल तर खेळा, खाली असेल तर पॅक.

बघायचं कसं, तर आधी सगळ्यात मोठा पत्ता बघा. एक्का किंवा राजा असला की बाकी काहीही असू दे, खेळा. जोडी, कलर (तिन्ही पत्ते एकाच रंगाचे), सिक्वेन्स असेल तर प्रश्नच नाही. सगळ्यात मोठा पत्ता राणी असेल तेव्हा दुसरा बघा, सात किंवा वरचा असेल तर खेळा, तिसरा बघायची पण गरज नाही. दुसरा सहा असेल तर तिसरा चार नाहीतर पाच पाहिजे. राणी-सहा-तीन आलं तर पॅक. आणि गुलामापासून खाली, जोडी वगैरे काही नसेल, तर पॅक, कितीही जीव वर-खाली झाला तरी.

नेमका हाच आकडा कुठून आला ते पण सांगतो. पॅक केलं की अँटी जातो, समजा तो १ रुपया आहे. म्हणजे खेळण्यात अर्थ तेव्हाच जेव्हा खेळून सरासरी १ रुपयापेक्षा कमी नुकसान होईल. राणी-सहा-चारला ते १ रुपयाच्या किंचित आत राहतं, राणी-सहा-तीनला किंचित बाहेर जातं. म्हणजे राणी-सहा-चार हा काही जिंकणारा हात नाही बरं का, फक्त पॅक करण्यापेक्षा खेळणं तिथं जरा स्वस्त पडतं.

हे तंतोतंत पाळलं तर अँटीच्या १०० रुपयांमागं कॅसिनोला सरासरी ३ रुपये ३७ पैसे राहतात. मित्रासारखं डोळे झाकून प्रत्येक हात खेळला तर साडेसात रुपयांच्या वर. आता ५०० चा अँटी आणि तासाला ५० हात धरा, नियम पाळून तासाला सरासरी साडेआठशेच्या आसपास जातात, न पाळता १,९०० च्या वर. एखाद्या रात्री तुम्ही जिंकून पण याल, पण हिशोब हा असा आहे.

पेअर प्लसला डीलर लागतच नाही, जोडी आली की पैसे. मग नुसतं तेच का खेळू नये? (अक्कलकोट रोड)

काही ठिकाणी खेळू देतात, पण आधी कलरचा रेट बघा, सगळं तिथंच आहे. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यात जोड्या ३,७४४, कलर १,०९६, सिक्वेन्स ७२०, ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८. बाकी १६,४४० हात रिकामे, म्हणजे चारपैकी तीन वेळा पैसे जाणार हे धरूनच बसायचं.

लावलेल्या एका रुपयामागं रेट साधारण असा असतो : जोडीला १, सिक्वेन्सला ६, ट्रेलला ३०, प्युअर सिक्वेन्सला ४०. कलरला मात्र कुठं ४ तर कुठं ३. वाटतं एकाचाच तर फरक आहे, पण मी वहीत मांडून बघितलं. कलरला ४ असेल तर कॅसिनोचा हिस्सा १०० मागं २ रुपये ३२ पैसे, आणि ३ असेल तर थेट ७ रुपये २८ पैसे. त्या एका आकड्याने तिप्पट! ३ दिसला की त्या चौकोनात चिप ठेवूच नका.

तीन एक्के सगळ्यात मोठे ना? डीलर म्हणाला प्युअर सिक्वेन्स मोठी. हे कुठलं शहाणपण? (पंढरपूर)

वर दिलेले आकडे परत बघा. ट्रेल कशी होते, चार रंगांतले कुठलेही तीन, म्हणजे एका पत्त्याच्या ४, असे १३ पत्ते, ५२ झाल्या. प्युअर सिक्वेन्स एका रंगात १२, चार रंगांत ४८. चारच हातांचा फरक, पण प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मिळ, म्हणून कॅसिनोत ती वर. आपल्या घरी ट्रेल वर असते, आणि मला अजूनही तेच बघायला गोड वाटतं, पण गणित त्यांच्या बाजूने आहे. दुसरा फरक म्हणजे एक्का-दुर्री-तिर्री. आपण तिला एक्का-राजा-राणीच्या खालोखाल मानतो, तिथं ती सगळ्यात खालची सिक्वेन्स. पहिल्यांदा बसलो तेव्हा माझ्या एक्का-दुर्री-तिर्रीवर डीलरने पाच-सहा-सात टाकले आणि मीच जिंकलो असं समजून चिपांकडं हात पण नेला होता.

हा खेळ डेरेक वेब नावाच्या माणसाने १९९४ साली बसवला. इंग्रजांचा जुना ब्रॅग पण तीन पत्त्यांचाच, आपल्या तीन पत्तीचा नातेवाईकच म्हणा.

हेच टेबल सोलापुरात एखाद्या फार्महाऊसवर लावलं तर? (होटगी रोड)

लावू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि कॅसिनोसाठी १९७६ साली केलेला कायदा कधी अंमलात आलाच नाही, २०२३ मध्ये तो रद्दच केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला पण २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. गोव्यात चालतं, वय २१ पूर्ण पाहिजे, आणि जिंकलेल्या पैशांवर ३० टक्के इन्कम टॅक्स.

सर, आमचे मिस्टर दर दोन महिन्यांनी गोव्याला जातात. म्हणतात माझी सिस्टीम आहे, हरलो की पुढच्या हाताला डबल, एकदा जिंकलं की सगळं वसूल. ह्या वेळी माझ्या भिशीचे पैसे नेले. हे खरं असतं का? (एक वाचक, सोलापूर)

ताई, तुमचा मेसेज मी दोन-तीनदा वाचला. खरं नसतं, आणि कसं नसतं ते आकड्यांतच देतो, त्यांना हाच कागद दाखवा.

५०० च्या अँटीने सुरू केलं. प्ले पण लावावा लागतो, म्हणजे हरला की १,००० गेले. मग अँटी १,०००, हरला, २,००० गेले. मग ४,०००, मग ८,०००, मग १६,०००. पाच हात सलग गेले की ३१,००० संपले, आणि पाच हात सलग जाणं ह्यात काही नवल नाही, रात्रभर बसलं तर होतंच. आता सहाव्या हाताला अँटी १६,००० आणि प्ले १६,०००, म्हणजे खिशात अजून ३२,००० पाहिजेत. समजा ते पण कुठून तरी आणले आणि हात जिंकला, पण डीलर क्वालिफाय झाला नाही. मिळाले किती? फक्त १६,०००. जिंकून पण १५,००० चा खड्डा तसाच. वर प्रत्येक टेबलाला जास्तीत जास्त किती लावता येईल ह्याची लिमिट असते, त्यामुळं डबल करायची वेळ आली की टेबलच नाही म्हणतं.

भिशीचे पैसे तुमचे आहेत, ते कुठं ठेवता हे ह्यापुढं सांगू नका, ह्यात तुमची काही चूक नाही. आणि एक करून बघा. रात्री जेवणं झाली की पत्त्यांचा कॅट काढा आणि वाटीभर शेंगदाणे घ्या. त्यांना ६३ दाणे मोजून द्या, एक दाणा हजाराचा. डीलर तुम्ही व्हा. राणीचा नियम लक्षात ठेवा, त्यांना त्यांची सिस्टीम मनासारखी खेळू द्या, पहिला अर्धा दाणा अँटीवर, अर्धा प्लेवर, आणि प्रत्येक हात वहीत लिहा. शंभर हात झाले की वही त्यांच्याकडंच द्या, बेरीज त्यांना करू दे.