बॅचचा ग्रुप नव्याने सांभाळणाऱ्यासाठी

आधी यादी कर, तुकडीनिहाय, हजेरीपटाच्या क्रमाने. नुसत्या आठवणीवर गेलास तर मागच्या बाकावरचे हमखास सुटतात. मुलींची माहेरची-सासरची दोन्ही आडनावं लिही, नाहीतर नंबर असूनही ओळख पटत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपात 1024 जण मावतात, जागेची चिंता नको. पण न विचारता कुणाला जोडू नकोस, लिंक पाठव. खरी अडचण सुप्रभातच्या फुलांची. त्यात कुणाच्या वडिलांच्या निधनाची बातमी वाहून जाते, आणि ते मित्राला फार लागतं. म्हणून फक्त ॲडमिन लिहू शकतील असा दुसरा ग्रुप ठेव. निधनाची बातमी घरच्यांशी बोलूनच टाक. वेळ आणि घाट स्पष्ट लिही, अंबाझरी की मोक्षधाम. ‘नागपुरातच’ एवढ्याने कुणी पोचत नाही.

भेट मे महिन्यात नकोच, पारा 45 ला टेकतो. डिसेंबर उत्तम, फक्त हिवाळी अधिवेशनाच्या तारखा टाळ, तेव्हा हॉटेलात खोल्या मिळणं मुश्कील. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. पुण्या-मुंबईच्यांना तारीख त्याआधीच कळव. वर्गणी सगळ्यांना सारखी लावू नकोस. ज्याला जड जाते तो कारण सांगत नाही, येतच नाही. त्याला वेगळा फोन कर.