परड्यातलं अनोळखी रोप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पहिल्या पावसानंतर परड्यात टाकळ्यासारखी रोपं दाट उगवलीत. शेजारच्या मावशी म्हणतात, ‘तगचीच (म्हणजे टाकळाच) ती, कर भाजी.’ सासूबाई म्हणतात, ‘वास निराळा आहे, नको.’ फुलं-शेंगा अजून नाहीत. ओळखायचं कसं? (खानापूर)

उत्तर : सासूबाईंची शंका रास्त आहे, पण निकाल वासावर नको. पान चुरगळलं की टाकळाही उग्रच लागतो. टाकळ्यात मिसळून उगवतो तो कासविंदा, म्हणजे काहींचा रानटाकळा. पर्णिकांच्या, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांच्या, जोड्या मोजा, असं सगळेच सांगतात : टाकळ्याला तीन, कासविंद्याला चार ते सहा. मोठ्या झाडाला हे लागू पडतं. कोवळ्या कासविंद्याच्या पहिल्या पानांवर मात्र दोन-तीनच जोड्या असतात, आणि भाजी खुडायचे दिवस नेमके तेच. म्हणून पानाचा देठ बघा. टाकळ्याच्या सगळ्यात खालच्या जोडीच्या मधोमध बारीक काडीसारखी, नारिंगी-तपकिरी ग्रंथी उभी असते. कासविंद्याची ग्रंथी देठाच्या बुडाशी, खोडाजवळच्या फुगीर भागावर असते. ती गोलसर आणि गडद. नुसत्या डोळ्यांना दिसते, चाळिशी लागली असेल तर भिंग घ्या.

पर्णिकेचं टोकही बघून घ्या. टाकळ्याचं टोक बोथट, गोल. कासविंद्याचं निमुळतं, अणकुचीदार. दोन्ही खुणा जुळल्या तरच खुडा, आणि मुळासकट उपटून ढीग घालण्याऐवजी एकेका रोपाचा शेंडा तपासून घ्या, कारण एकाच वाफ्यात दोन्ही असतात. कासविंदा सापडला तर शेंगा धरायच्या आत काढून टाका. त्याच्या बिया लहान मुलांनी खाल्ल्या तर यकृत, स्नायू आणि मेंदूवर एकदम परिणाम होतो. मुलं दगावल्याची उदाहरणं उत्तर प्रदेशात नोंदली गेली आहेत. शेंगांवरून ओळख सोपी आहे : टाकळ्याची लांब, बारीक, कोयत्यासारखी वाकडी, कासविंद्याची चपटी, मधे तपकिरी आणि कडांना फिकट.

प्रश्न : मोबाईलचं ॲप एकाच झाडाला दर वेळी नवं नाव देतं. फोटो कसा काढावा? (निपाणी)

उत्तर : बहुतेक लोक एका पानाचा फोटो काढतात, तोही वरून. तेवढ्यावर ॲपच काय, जाणकारही अडतो. किमान सहा फोटो हवेत : पूर्ण रोप, पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान खोडाला जिथं जोडलंय तो सांधा (पानं समोरासमोर की एकाआड एक, हे इथं कळतं), आणि फूल समोरून व बाजूने. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. भर दुपारच्या उन्हात पांढरी फुलं नुसते ठिपके दिसतात, सकाळी काढा. गवतं आणि नुकती उगवलेली रोपं यांच्या बाबतीत ॲपवर फार विसंबू नका.

तरीही अडलं, तर फूल-फळासकट वीतभर फांदी वर्तमानपत्रात दाबून जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. फांदीचं एक पान उलटं ठेवा, वर दोन विटा ठेवा, आणि पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. फुलाचा रंग, वास, चीक येतो का, हे ताज्या रोपावरच लिहून ठेवा. वाळल्यावर यातलं काही उरत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी नेलेली फांदी म्हणजे निव्वळ पाचोळा!

प्रश्न : झेंडूच्या कुंडीत आपोआप आलेली रोपं झेंडूचीच समजून जपली, आता ती जमिनीलगत पसरताहेत. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : ते गाजरगवत, आपल्याकडचं काँग्रेस. झेंडूचं रोप लहानपणापासून उभं वाढतं, त्याची खालची पानं समोरासमोर असतात, आणि पान उजेडाकडे धरलं की तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात. गाजरगवताची पानं आधी जमिनीवर चक्रासारखी पसरतात, त्यांना हे ठिपके नसतात आणि झेंडूचा वासही येत नाही. नंतर मधून खोड वर निघतं आणि बारीक पांढरी फुलं येतात. तोवर थांबू नका; एक झाड हजारो बिया टाकतं.

माती ओली असताना हातमोजे घालून मुळासकट उपटा. विळ्याने वरून छाटलं तर बुडातून पुन्हा फुटतं. फुलं नसलेलं खतात चालेल, फुलं आलेलं घालू नका. उघड्या हातांनी उपटणाऱ्यांना पुढे त्वचेचा चिवट त्रास होऊ शकतो. पानं कुरतडणारे पांढुरके, काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले तर मारू नका. मेक्सिकोतून 1983 साली बंगळुरूला आणून ते याच गवतासाठी सोडले आहेत.

प्रश्न : फरशीच्या फटीतली घोळ खाण्याचीच का? (चिकोडी)

उत्तर : देठ मोडा. पांढरा चीक आला तर ती जमिनीलगत पसरणारी दुधी (तण, दुधी भोपळा नव्हे); खायची नाही, आणि तो हात डोळ्याला लावू नका. घोळीला चीक नसतो, पाणी सुटतं. पानं जाड, गुळगुळीत, फुलं पिवळी. मुतखड्याचा त्रास असेल तर घोळ बेतानेच खा, तिच्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं. गटाराकाठची किंवा तणनाशक मारलेल्या जागेची नको.