अमेरिकेत मतपत्रिकेवर नाव नसताना कोणी सिनेटर होऊ शकतं का?

होतं की, अलास्कात २०१० ला झालंय. लिसा मर्कोव्स्की आधीपासून सिनेटर, पण प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षातल्या जो मिलरकडून हरली, तिकीट गेलं. मग बाई राइट-इन म्हणून उभी राहिली, म्हणजे मतदाराने रिकाम्या ओळीवर हाताने नाव लिहायचं आणि शेजारचा गोल पण काळा करायचा. आता हे असलं आडनाव बरोबर लिहायचं म्हणजे पब्लिकची परीक्षाच, म्हणून प्रचारात नाव छापलेले रबरी रिस्टबँड वाटले! मिलर कोर्टात गेला की स्पेलिंग चुकलेली मतं बाद करा, पण अलास्काच्या सुप्रीम कोर्टाने नाही ऐकलं, मतदाराला कोण हवंय ते कळलं की बास. तशीही वादातली मतं सोडून ती पुढेच होती. याआधी १९५४ ला साउथ कॅरोलिनात स्ट्रॉम थर्मंड असाच निवडून आलेला.