सेंटर कॅप काढताना रिमवर ओरखडा येऊ नये म्हणून

आपण गोव्यात समुद्रकाठच्या मिरामारला राहता, गाडी उघड्यावर उभी असते, अलॉय व्हीलच्या सेंटर कॅप्सचा, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या झाकणांचा, रंग उडाला आहे आणि त्यांतली पहिली काढताना स्क्रू ड्रायव्हर घसरून रिमवर ओरखडा उठला. उरलेल्या तीन कॅप्स रिमला इजा न होता कशा काढाव्यात, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे, की घाई नसेल तर कॅप समोरून उचकटूच नये. चाक उतरवून ती मागून ढकलावी.

यामागचे कारण कॅपच्या रचनेत आहे. बहुतेक सेंटर कॅप्सना मागच्या बाजूला प्लास्टिकच्या लवचीक नख्या असतात, काहींत त्या नख्यांना बाहेर रेटणारी तारेची स्प्रिंगही असते, आणि या नख्या रिमच्या मधल्या भोकाच्या आतल्या खाचेत अडकतात. समोरून उचकटताना हत्याराला टेकू लागतो, आणि तो टेकू नेमका रिमच्या रंगवलेल्या कडेचाच घेतला जातो. मागून ढकलताना हत्यार रिमच्या दर्शनी भागाला लागतच नाही.

चाक उतरवण्याची पद्धत आपल्याला ठाऊक असेलच, तरी दोन गोष्टी सांगतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून आणि पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, कर्णरेषेतल्या दुसऱ्या चाकाला लाकडी पाचर लावावी आणि नट जॅक चढवण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. पावसाळ्यात आपल्याकडच्या मातीच्या अंगणात जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी ठेवावी. दुसरे असे, की समुद्राजवळच्या गाडीचे चाक नट काढल्यावरही हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, चिकटून राहते, कारण खाऱ्या दमट हवेत लोखंडी हब आणि ॲल्युमिनियमचे रिम यांच्यामध्ये गंज धरतो. अशा वेळी दोन नट दोन-तीन आटे फिरवून तसेच ठेवावेत आणि टायरवर रबरी हातोड्याने आळीपाळीने सर्व बाजूंनी ठोके द्यावेत. रिमवर हातोडा मारू नये आणि गाडीखाली हातपाय घालू नयेत.

चाक हाती आल्यावर ते उभे धरावे आणि मागच्या भोकातून टॉर्चच्या उजेडात नीट पाहावे. काही गाड्यांत कॅप मागून छोट्या स्क्रूंनी बसवलेली असते. तसे असेल तर आधी स्क्रू काढावेत. नख्या असतील तर त्या एकेक करून बोटांनी आत दाबाव्यात आणि कॅप कडेने थोडी थोडी पुढे सरकवावी. हात पोहोचत नसेल तर कापड गुंडाळलेला लाकडी दांडा वापरता येतो, पण तो नख्यांच्या जवळच टेकवावा. नेमका मध्यभागी जोर दिला तर कॅप चिरते किंवा वरचे चिन्ह सुटून येते. दुसऱ्या हाताचा तळवा समोर धरावा, म्हणजे सुटलेली कॅप फरशीवर पडून खरचटणार नाही.

चाक न काढताच काम करावे लागले, तर आधी पाण्याचा फवारा मारून कॅपच्या फटीतली वाळू आणि लाल माती पूर्ण धुऊन काढावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते निम्मे ओरखडे हत्याराने नव्हे, तर हत्याराखाली दाबल्या गेलेल्या वाळूच्या कणांनी येतात. मग कॅपभोवती मास्किंग टेपचे तीन-चार थर द्यावेत, कडेला उचकटण्यासाठी खाच आहे का ते शोधावे आणि प्लास्टिकची ट्रिम काढण्याची पट्टी तेथून घालावी. पट्टीखाली टेकू म्हणून जुने प्लास्टिकचे कार्ड ठेवावे आणि एकाच ठिकाणी जोर न देता समोरासमोरच्या दोन-तीन जागी थोडे थोडे उचलावे. जुने प्लास्टिक कडक झालेले असते, म्हणून केस वाळवण्याच्या यंत्राने दोनेक मिनिटे ऊब दिल्यास नख्या मोडण्याचा धोका कमी होतो. पट्टी मिळाली नाही, तर कडा घासून गुळगुळीत केलेली आणि कापडात गुंडाळलेली बांबूची कामटी चालते. लोखंडी हत्यार मात्र कापड गुंडाळूनही वापरू नये, कारण त्याचे टोक कापड फाडून बाहेर येते.

फक्त चिन्हाचाच रंग उडाला असेल आणि ते वेगळे चिकटवलेले असेल, तर कॅप काढण्याचीही गरज नाही. ऊब देऊन मासे पकडण्याची बारीक तंगूस त्यामागून करवतीसारखी मागेपुढे ओढली, की गोंद सुटतो.

नवी कॅप घेण्यापूर्वी जुन्या कॅपच्या मागे छापलेला भाग क्रमांक लिहून घ्यावा आणि बाहेरचा व्यास व नख्यांमधला व्यास, अशी दोन्ही मापे घ्यावीत. दिसायला सारख्या असलेल्या दोन कॅप्सची मागची मापे वेगळी असू शकतात. बसवताना खाच ब्रशने स्वच्छ करावी आणि तळव्याने सारखा दाब देऊन कॅप आत बसवावी. चाक चढवताना नट आळीपाळीने समोरासमोरचे घट्ट करावेत, गाडी खाली उतरवून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराच्या मापाने) शेवटचा पीळ द्यावा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत.

आपल्या पहिल्या रिमवरचा ओरखडा मात्र तसाच सोडू नका. माझ्या गाडीच्या चाकावर एका गॅरेजमध्ये असाच ओरखडा आला होता आणि नखाएवढाच आहे म्हणून मी तो सोडून दिला. पुढच्या पावसाळ्यानंतर लॅकरच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाच्या, थराखाली पांढऱ्या धाग्यांसारख्या रेषा पसरलेल्या दिसल्या. ॲल्युमिनियमवर आपोआप तयार होणारा संरक्षक थर हवेतल्या मिठामुळे तुटतो, आणि उघड्या पडलेल्या जागेतून गंज लॅकरखाली सरकत जातो. म्हणून ती जागा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासावी आणि रिमच्या रंगाचा टच-अप देऊन वर पारदर्शक लॅकर लावावे. हे काम जूनपूर्वी कोरड्या दिवशी उरकावे, कारण पाऊस लागल्यावर हवेतल्या ओलाव्यामुळे लॅकर नीट धरत नाही.